वेडी म्हणायची रीत

नंदुरबारला मिरची आल्याचे कुणाला सांगावे लागत नाही. सुरतेहून येणारी गाडी स्टेशनात शिरण्याआधीच डब्यांच्या खिडक्या धडाधड बंद होतात, आणि ज्या होत नाहीत त्यांच्यातून शिंका ऐकू येतात. नवखा माणूस रुमाल नाकाला लावतो. गावचा माणूस नुसते डोळे बारीक करून चालत राहतो. गावाबाहेर नजर जाईल तिथवर पथाऱ्या पसरलेल्या असतात. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचे सपाट केलेले शेत. लांबून पाहिले तर कुणीतरी मोठ्या समारंभासाठी लाल जाजम अंथरले आणि पाहुणेच आले नाहीत, असे वाटते. मोठ्या समारंभांविषयी माझे मत फारसे बरे नसल्यामुळे हे दृश्य मला दर वर्षी आवडते.

यंदाचा पहिला ठसका लागला त्याच दिवशी संस्थेचा माणूस घरी येऊन मेणकापडाची एक लांब गुंडाळी देऊन गेला. समाजसेवकांचा वर्ग पुन्हा भरणार आहे आणि ‘मानवी मनाचा विकास’ हा विषय या खेपेला मी शिकवावा, असा निरोप होता. स्वराज्य आल्यापासून असे निरोप फार येतात. गुंडाळी न उघडताच मी ती ओळखली. तिच्या कडांना अजून तिखटाचा वास होता.

तो जिना होता.

युद्धाच्या दिवसांत आमचा वर्ग भरला तेव्हा तो पहिल्यांदा पाहिला. वर्गाला जागा मिळाली होती स्टेशनाजवळच्या एका व्यापाऱ्याच्या रिकाम्या वखारीत. रिकामी म्हणजे माल काढलेली. मालाची धूळ आढ्यावर तशीच होती. वारा आला की ती खाली उतरे आणि मुंबईहून आलेले प्रोफेसर वाक्याच्या ऐन भरात शिंकत. माणूस विद्वान होता, आणि मनाचाही वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. नाहीतर पुढचे वाचून कुणाचा गैरसमज होईल. पण शिंकल्यावर तो ज्या रीतीने शिंकेकडे दुर्लक्ष करी, त्यावरून मला त्याच्याविषयी संशय येऊ लागला. आपल्याच नाकाकडे दुर्लक्ष करणारा माणूस दुसऱ्याच्या मनात काय पाहणार, असे काहीसे.

मेणकापडावर रंगवलेल्या त्या जिन्यावर सर्वांत खाली रांगणारे बाळ होते. मग दुडदुडणारे, मग पाटीवाले, मग मिसरूड फुटलेले, आणि अगदी वर कोट घातलेला, चष्मा लावलेला, हातात पुस्तक धरलेला गृहस्थ. हा गृहस्थ प्रोफेसरांसारखा दिसे. चित्र त्यांनी काढले नव्हते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नव्हता. पण जगातली सगळी बाळे रांगत रांगत शेवटी त्यांच्यापाशी येऊन पोचतात, ही कल्पना त्यांना फारशी अवघडही वाटत नसावी.

चहा घेऊन आलेल्या चिमणाजिजीने पहिल्याच दिवशी जिन्याकडे टक लावून पाहिले. जिजी वर्गाचा स्वयंपाक करी. तिने शिपायाला, झिपरूला, विचारले, “काय रे, ह्या जिनावर बठ्ठा गडीज शेत. बाया कोठे गयात?”

“बाया पानी लेवाले गयात,” झिपरू म्हणाला.

जिन्यावर सगळे गडीच होते, बाई एकही नाही, हे खरेच. वर्ग हसला. प्रोफेसरांना अहिराणी येत नव्हती. त्यांनी झिपरूला विचारले, काय म्हणालास? झिपरू म्हणाला, “काही नाही साहेब, चित्र चांगले आहे म्हणतो.” झिपरू आमचा दुभाषा होता. दुभाष्यांवरचा माझा संशय तेव्हापासूनचा.

प्रोफेसर शिकवत मात्र छान. मनाच्या वाढीविषयी युरोपात तीन-चार घराणी आहेत, असे त्यांनी सांगितले. एका घराण्याच्या मते माणूस पाळण्यातच घडून संपतो. पुढचे आयुष्य म्हणजे त्या पाळण्याची कुरकुर. दुसऱ्याच्या मते मन वगैरे काही नसते, सवय असते. घंटा वाजवा, खाऊ द्या, पुन्हा घंटा वाजवा. तिसरे घराणे म्हणते की प्रत्येक वयाला अक्कल नेमून दिलेली आहे आणि प्रश्न विचारून ती मापता येते. प्रोफेसर तिसऱ्या घराण्याचे. पण रंगात आले की पहिल्या घराण्यातली एखादी जागा उचलत, जसे गवई उचलतात, आणि विचारले तर नाकबूल करत.

एकदा त्यांनी वयात येणाऱ्या मुलांचे वर्णन केले. त्या पायरीवर मनात वादळ उठते, मूल घराविरुद्ध बंड करते, एकटे राहू पाहते. अक्कलकुव्याच्या डोंगरातला वसावे नावाचा आमच्यातला एक जण फार मन लावून ऐकत होता. वयाने तो बहुधा त्याच पायरीवर होता, पण घरी बायको होती, मूल होते, आणि लग्नानंतर लगेच स्वतः बांधलेली झोपडी होती.

“साहेब, हे वादळ किती दिवस चालतं?”

“काही वर्षे.”

वसावे विचारात पडला. “मग तेवढी वर्षं शेत कोण करतं?”

प्रोफेसरांनी प्रश्न चांगला असल्याचे सांगितले. चांगल्या प्रश्नाला उत्तर न देण्याची ती सभ्य पद्धत आहे. आता ती मीही वापरणार आहे.

त्या वर्षी संस्थेने मुलींसाठी छात्रालय काढायचे ठरवले होते. जागा थोड्या, म्हणून मुली पारखून घ्यायच्या, आणि पारख प्रोफेसर करणार; तेच आमचे प्रात्यक्षिक. पथाऱ्यांवर काम करणाऱ्या बाया आपापल्या पोरींना घेऊन वखारीच्या दारात बसू लागल्या. त्यांत नथाबाई होती. तापीकाठची, प्रकाशाकडची विधवा. मिरचीच्या दिवसांत देठ खुडायला नंदुरबारला यायची, मिरची संपली की उसाकडे जायची. तिची पोर, दगडी, बुटक्या पायांची, कुणाच्या तरी मोठ्या सदऱ्यात बुडालेली. पोरीचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा वाजत होता. मिरचीचा उडालेला बारीक भुगा छातीत बसला की तसे होते. आणखी एक हंगाम पथारीवर काढला तर ही राहायची नाही, असे कुणी वैद्याने नथाबाईला सांगितले होते. सांगितले नसते तरी ऐकू येत होते. छात्रालय गावाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या उलट्या अंगाला होते. नथाबाईला अक्षरांशी फारसे देणेघेणे नव्हते. तिला पोरीसाठी हवा पाहिजे होती.

झिपरूने दगडीचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागतो का ते पाहिले. लागला. म्हणजे शाळेच्या वयाची. प्रोफेसरांनी या रीतीकडे जरा हसून पाहिले आणि आपली पेटी उघडली.

“बाळ, कान कुठे आहे?”

दगडीने कान दाखवला. पाय दाखवला. पोटही दाखवले.

“शाबास. आता डोळे कुठे आहेत?”

दगडीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“डोया दखाड ना वं,” झिपरू म्हणाला.

दगडीने मान हलवली. प्रोफेसरांनी खडीसाखर काढली, आवाज मऊ केला, स्वतःच्या चष्म्याला बोट लावून दाखवले. पोरीचे हात मागेच. नाक विचारले, हात मागे. तोंड विचारले, हात मागे. प्रोफेसर आमच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले की चेहऱ्याची जाणीव ही अगदी खालच्या पायरीवरची गोष्ट आहे. मग त्यांनी आईला विचारले, “मुलगी घरी कशी आहे? समजूतदार?”

नथाबाईने पदर पुढे ओढला. “येडी शे साहेब. तिले काहीज समजत नही. निस्ता दगड शे.”

झिपरूने भाषांतर केले, आणि नेमके ते मात्र बिनचूक केले.

एवढ्यावर काम भागले. पोरीने सांगितले, आईने सांगितले, जिन्याने दुजोरा दिला. मंदबुद्धी. छात्रालयाला अशी मुलगी झेपणार नाही. तरी शास्त्राला घाई नको, म्हणून मुंबईला परतण्याआधी प्रोफेसर एकदा पुन्हा पाहणार होते.

दुपारी मी हात धुवायला मागच्या दारी गेलो. चुलीपाशी जिजीचा आवाज चढला होता. “आवं, आपलीज पोरले येडी काब्र सांगस तू? तो लिखी लेस ना!”

“मंग काय हुशार सांगू?” नथाबाई म्हणाली. “पहिल्या दोन्हीसले हुशार सांगं व्हतं मी. गाव ऐके असं. दोन्ही गयात. हाईनं नावज दगडी ठेवं.”

“इथे कोन शे नजर लावाले?”

“तो चष्मावाला. बठ्ठा दिवस पोरसकडे निस्ता दखत ऱ्हास.”

हे मात्र खरेच होते. मग नथाबाईच म्हणाली, “हुशार सांगसू तं पोर जाई, येडी सांगसू तं शाळा जाई. तूज सांग जिजी, काय सांगू?”

ते ऐकून मी तसाच ओल्या हातांनी उभा राहिलो. आमच्या भागात दगडू, धोंडू, झिपरू, नथू अशी नावे का पडतात हे मला लहानपणापासून ठाऊक होते; शेजारच्या बाईचे बाळ किती छान म्हटल्यावर ती बाई का दचकते हेही. आमच्याच घरी मला शहाणा म्हणायची चोरी होती. पण वर्गात बसल्यावर या गोष्टी वखारीच्या दाराबाहेर चपलांजवळ राहत. नथाबाईचाही मनाच्या वाढीविषयी एक सिद्धान्त होता, आणि तो प्रोफेसरांच्या अगदी उलट होता. प्रोफेसर म्हणत, मूल लक्ष दिल्याने वाढते. नथाबाईचे म्हणणे, मूल वाढते ते त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसताना.

तिच्या सिद्धान्तावरही माझा विश्वास नाही, हे सांगायला हवे. पहिली दोन्ही पोरे कौतुकाने गेली नाहीत. तापाने गेली असतील, पाण्याने गेली असतील. दगडीचा श्वास कुणाच्या डोळ्याने नव्हे, मिरचीने वाजत होता. एका अडाणी बाईच्या तोंडी शहाणपण घालून गहिवरणारे लेखक मला प्रोफेसरांहूनही संशयास्पद वाटतात. पण एवढे खरे, की त्या वखारीत दोन सिद्धान्त समोरासमोर बसले होते, आणि दोघांच्या मध्ये पोर खोकत होती.

दुसऱ्या दिवशी मी पथारीवर गेलो. बायांनी तोंडे फडक्यांनी बांधली होती, नुसते डोळे दिसत. त्यांची पोरे बांधावर खेळत होती. एका बारक्या पोराने खेळता खेळता हात वर नेला, कपाळावरचा घाम पुसायला असेल; तो डोळ्यापर्यंत पोचायच्या आत शेजारच्या बाईने त्याच्या हातावर चापट मारली. ती त्याची आई नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. एका हाताने देठ खुडत दुसऱ्याने मारली. पोरगे रडले नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या पोराला दुसऱ्या बाईने मारली. इथे पोरे चालायला शिकण्याआधी तोंडाला हात न लावायला शिकतात. दगडी बांधाच्या टोकाला बसली होती. श्वास वाजत होता, नाकातून पाणी गळत होते, आणि दोन्ही हात पाठीमागे होते.

संध्याकाळी मी हे प्रोफेसरांना सांगितले. चापट सांगितली आणि दृष्टही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. अपवादाने सिद्धान्त मोडत नाही, असे प्रथम म्हणाले. मग म्हणाले, तुम्ही पाहिले ते खरे असेल, पण तुम्हाला ते पाहायचेच होते असेही असू शकेल. हा घाव मला चांगलाच लागला, कारण तो बरोबर ठिकाणी होता. मला त्यांचा जिना आवडत नव्हता. जिन्याची पायरी मोडलेली पाहायला मी गेलो होतो. पोर नुसती हट्टीही असू शकत होती. रात्रभर झिजवला तरी तो संशय गेला नाही. पण सकाळी प्रोफेसर म्हणाले, “आज मुलीला काही विचारत नाही. आईलाच विचारतो.” त्यांनाही रात्री काही झिजवावे लागले असेल.

जाण्याचा दिवस होता. त्यांची वळकटी दाराशी बांधून ठेवलेली. आम्ही सगळे बाकांवर. नथाबाई उंबऱ्याच्या आत, दगडी तिच्या पुढ्यात.

“झिपरू, तिला नीट समजाव. आज ती वेडी म्हणाली तर मुलगी परत जाईल. मला कुणी काय सांगितले ते राहू दे. मला तिच्या तोंडून ऐकायचे आहे.”

झिपरूने सांगितले. नथाबाईने एकेकाकडे पाहिले, वर्गभर. इतके डोळे. तिच्या पोरीकडे बहुधा आजवर एका वेळी इतक्यांनी पाहिले नव्हते. मग ती मागच्या दाराकडे वळून म्हणाली, “जिजी, इस्तो आन.”

जिजीने खापरावर निखारे आणले. तिला आधीच सांगून ठेवले असावे, कारण निखारे फुललेले होते. नथाबाईने खापर पायाशी घेतले, पदराची गाठ सोडली, मूठ भरली आणि जमिनीकडे बघत, भांडणात बोलावे तशा आवाजात म्हणाली, “हुशार शे. मन्ही पोर हुशार शे, साहेब. गनी हुशार शे.”

शेवटचा शब्द हवेत असतानाच तिने मूठ पोरीवरून उतरवली आणि निखाऱ्यांवर टाकली. मीठ तडतडले. मिरच्या काळ्या पडल्या.

बंद वखारीत लाल मिरची जळणे म्हणजे काय, ते ज्याने अनुभवले आहे त्याला सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळायचे नाही. पहिला ठसका मला लागला, मग वसावेला, मग एकदम सगळ्यांना. आढ्यावरची जुनी धूळही बहुधा जागी झाली. कुणी बाक पाडला, कुणी दार शोधू लागला. दगडीला जिजीने केव्हाच मागच्या दाराच्या हवेशी ओढले होते. प्रोफेसरही तिकडेच धडपडत पोचले, चष्मा काढला आणि दोन्ही मुठींनी डोळे चोळू लागले.

फट्‌ असा आवाज झाला.

दगडीने त्यांच्या हातावर चापट मारली होती. “डोयाले हात नको लावू ना!” ती ओरडली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. “पानी लाव! पानी!” आणि जिजीच्या कळशीकडे बोट दाखवले.

प्रोफेसरांनी मुकाट्याने पाणी लावले. कोट भिजला. मिशीतून पाणी गळत होते. जिन्याच्या वरच्या पायरीवर असा गृहस्थ कुणी काढलेला नव्हता. मग ते म्हणाले, “डोळे कुठे असतात ते हिला कळते तर.”

“तिले तुमना बी कयस, साहेब,” झिपरू खोकत खोकत म्हणाला, आणि या वेळी कुणी भाषांतर मागितले नाही.

“घ्या हिला,” प्रोफेसर म्हणाले.

नथाबाईचे तिकडे लक्षच नव्हते. ती दारात उभी राहून वर्ग खोकताना ऐकत होती, एखादा शेतकरी पावसाचा आवाज ऐकतो तशी. दृष्ट लागलेली असली तर मिरची कितीही जाळा, ठसका लागत नाही, वासही येत नाही. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते. “बठ्ठा खोकली ऱ्हायनात ना जिजी?” तिने विचारले. जिजीला बोलता येत नव्हते, तिने नुसती मान हलवली. “चष्मावाला बी?” चष्मावाला सर्वांत जास्त खोकत होता. नथाबाईचा चेहरा उजळला. प्रोफेसरांनी तिच्या पोरीला पारखले, तिने प्रोफेसरांना पारखले, आणि तेही उत्तीर्ण झाले. शास्त्र म्हणून दोन्ही परीक्षांमध्ये मला फारसा फरक सांगता येत नाही. तिची लवकर आटोपली, एवढेच.

पुढे एकदा पुण्याला प्रोफेसरांचे भाषण ऐकले. खानदेशातल्या एका मुलीची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. तिच्या हात मागे घेण्यात काहीतरी आहे असा संशय आपल्याला पहिल्याच क्षणी आला होता, असे ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर होतो आणि मला राग यायला हवा होता. पण माझ्याही आठवणीत ती चापट दर वर्षी थोडी जोराने वाजते, हे मला ठाऊक आहे. कोण जाणे, तेव्हा कदाचित ती नुसती हाताला हात लागण्याएवढीच असेल. हंगाम परत येतो तो तसाच परत येतो असे नाही; आपण त्याला दर वर्षी वाळवून, देठ खुडून, पोत्यात भरून ठेवतो.

जिना मी यंदा वर्गात लावणार आहे. फाडून टाकावा असे काही त्यात नाही. बाळे रांगतात, मग चालतात, हे खरेच आहे. तीन-चार घराणीही शिकवीन, जशी शिकलो तशी. फक्त समाजसेवेला निघालेल्या या पोरांना एक विनंती करणार आहे. कुणाच्या उंबऱ्यात जाऊन प्रश्न विचाराल, तेव्हा उत्तर कोण देते आहे ते पाहा. पोर देते, की पथारी देते, की आधी गेलेली दोन पोरे देतात. ते ही विनंती टिपून घेतील, आणि परीक्षेत मुद्दा म्हणून लिहितील. याहून जास्त अपेक्षा करण्याइतका मी भाबडा नाही.

परवा बाजारात नथाबाई भेटली. केस पिकले आहेत. मिरचीच्या ढिगांमधून वाट काढत ती स्वतःच जवळ आली. “राम राम भाऊ.” दगडीचे मला कळले होते. श्वास कधीच मोकळा झाला; छात्रालयातल्या बाई सांगत होत्या की गणितात तिला कुणी गाठत नाही, आणि यंदा ती सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बसते आहे.

“पोरगी फायनलला बसणार म्हणे?” मी विचारले.

नथाबाईने चारी बाजूंना पाहिले. जवळच एक व्यापारी, दोन हमाल, आणि पलीकडे कुणी चष्मा लावलेला गृहस्थ भाव विचारत उभा होता.

“कसानी फायनल, भाऊ!” ती मोठ्याने म्हणाली. “येडी शे ती. आते बी काहीज समजत नही तिले.”

“हो,” मीही चष्मेवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. “मला तर ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं.”

नथाबाई इतकी खूश झाली, की जाताना तिने माझ्या पिशवीत मूठभर लाल मिरच्या टाकल्या.